आईच्या रकान्यातला नंबर

आधीच सांगते, ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती तर रात्रीची रचली असती, अमावास्येची, पिंपळाखालची.

ही भर दुपारची आहे.

लातूर. ट्यूशन एरियातली एक गल्ली. बारा सप्टेंबर, गुरुवार, दुपारचे तीन.

गल्लीत क्लासचे इतके बोर्ड, की मान वर केली तर आभाळाऐवजी टॉपर्सचे फोटो दिसतात. अशा ठिकाणी भूत आलं तर तेसुद्धा बिचारं रिपीटर बॅच लावेल, असं मी म्हणायचे.

आता म्हणत नाही.

मी दहावीत आहे, बिलोलीला. वर्गात कुणालाही विचारा, पाल शेपटीला धरून बाहेर टाकणारी मी एकटीच. यंदा वक्तृत्वात जिल्ह्यात दुसरी आले. तेव्हा घाबरट पोरीचं रडगाणं समजून वाचू नका.

हे घडलं माझ्या प्रमोदिनी मावशीच्या बाबतीत. आईची थोरली बहीण. लातूरला तिचं घर आहे. वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणाऱ्या मुली राहतात, खाली त्यांची मेस. मावशीनं हे सगळं मला दिवाळीत स्वतः सांगितलं, भाकरी थापता थापता, जणू शेजारच्या घरातलं सांगावं तसं. शेवटचं तेवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मावशीचं सासर किल्लारीच्या बाजूला, तेरणेच्या काठी. एकोणीसशे त्र्याण्णवचा सप्टेंबर. आदल्या रात्री गणपती बोळवले, गाव दमून झोपलं, आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. दगडमातीची घरं. बसली ती बसलीच.

मावशीच्या कुशीत तिची सात महिन्यांची शिल्पा होती. नुकतीच खळखळून हसायला लागलेली.

जवानांनी मावशीला ओढून काढलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. तिचा डावा हात कोपरात वाकलेला होता, लेकरू धरल्यासारखा.

हात रिकामा होता.

सोलापूरच्या दवाखान्यातून ती बारा दिवसांनी परत आली. शिल्पाचं काय झालं, कुणाला सांगता येईना. कुणी म्हणे, सगळ्यांबरोबर चितेवर ठेवली. कुणी म्हणे, एवढं लहान लेकरू जाळत नाहीत, पुरलं असेल. पुरलं तर कुठं? नुसता चिखल आणि धूर. कोण बघत बसलंय? पुढं गावच उठून नव्या जागी गेलं. जुन्या गावावर बाभळी माजल्या.

मावशीला पुन्हा मूल झालं नाही.

पण एक व्हायचं. रोज दुपारी तीनच्या सुमारास तिच्या डाव्या हातावर वजन यायचं. कोमट. सात महिन्यांच्या लेकराएवढं.

डॉक्टर म्हणाले, शीर दबलीय. मेसवर स्वयंपाकाला येणाऱ्या भामाबाई म्हणायच्या, "मुंग्या येत असतील बाई, तेल चोळा." मावशीनं तेल चोळलं नाही. हातातलं काम ठेवायची आणि खुर्चीत बसायची. दहा मिनिटं. कुणाशी बोलायची नाही.

एकतीस वर्षं एक दिवस चुकला नाही.

मावशीचे यजमान, आमचे काका, गेले, ती शाळेतून निवृत्त झाली, आणि एका रिकाम्या दुपारी तिनं मोबाइलवर इंग्रजीत शोधलं... भूकंपात गेलेल्यांच्या कबरी. कुठं तरी यादी असेल, तिला वाटलं. कुणीतरी लिहून ठेवलं असेल.

उघडलं भलतंच. जगभरातल्या कबरींची एक वेबसाइट. प्रत्येक मेलेल्या माणसाचं एक पान. नाव, तारखा, दगडाचा फोटो, खाली आई, वडील, मुलं. आणि प्रत्येक पानाला एक नंबर. परदेशातले लोक हिंदुस्थानात मेलेल्या आपल्या पणज्या, खापरपणज्या तिथं शोधत असतात. ज्यांना यायला जमत नाही ते फोटोची विनंती टाकतात. जवळपास राहणारं कुणीतरी जाऊन फोटो काढून देतं.

एक विनंती कंधारची होती. इंग्लंडच्या मार्गारेट नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या बाईंची. त्यांची खापरपणजी हॅरिएट, फौजेतल्या कप्तानाची बायको, एका मुलाला मागं ठेवून अठराशे एकोणसाठ साली कंधारजवळच्या तळावर तापानं गेली. वय तेवीस. त्याआधी पंधरा दिवस, बैलगाडीच्या प्रवासात, तिची मुलगी फ्लोरा गेली होती. तिला वाटेतच कुठंतरी पुरलं. कुठं, ते कुणालाच माहीत नाही.

मुलीचं वय सात महिने.

मावशीनं ते दोनदा वाचलं. मग विनंती स्वीकारली.

अहमदपूर, लोहा, कंधार... दोन एसट्या बदलून ती पोचली. थडगी एका शेताच्या बांधाला होती. शेताचा मालक संगप्पा, सत्तरीतला लिंगायत शेतकरी, स्वतः काठी आपटत, साप हुसकत पुढं चालला.

"गोऱ्यांची थडगी ना? हाव, माझ्याच बांधाला हायत. पाच हायत. भाडं मात्र देत न्हाईत."

दगडावर शेवाळ, अक्षरं दिसेनात. मावशीनं पिशवीतून पाण्याची बाटली आणि ज्वारीच्या पिठाची पुडी काढली. दगड धुतला, पुसला, पीठ अक्षरांत बोटानं दाबत गेली. पांढरं पांढरं नाव वर आलं. मावशी शिक्षिका ना, तिनं ते मोठ्यानं वाचलं.

"हॅरिएट..."

"मोठ्यानं नका वाचू बाई," संगप्पा म्हणाला.

"का हो?"

"आमच्यातबी पुरतेत माणसाला. बसवून पुरतेत. बसलेलं माणूस एका हाकंत उठतंय. ह्यांच्यात निजवतेत, त्येंला जरा येळ लागतोय, एवढाच फरक." आणि स्वतःच खो खो हसला. मग हसू पुसून म्हणाला, "पर ह्या गोरीचं खरं हाय. पोटुशी बाई ह्या बांधावरनं जात न्हाई. लेकरू मागती म्हणतेत ही."

मावशी पीठ झटकत म्हणाली, "मागू द्या. माझ्याजवळ कुठाय द्यायला?"

फोटो गेला. मार्गारेटबाईंचं मोठं पत्र आलं. तुम्ही माझ्या आयुष्याचं काम केलंत, वगैरे. मावशीला बरं वाटलं. खूप वर्षांनी बरं वाटलं. आणि त्या बऱ्या वाटण्यातच तिच्या मनात आलं...

परक्यांच्या दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांना पान आहे. माझ्या शिल्पाला का नको?

बारा सप्टेंबर. वरच्या मुली क्लासला गेलेल्या. भामाबाई मागं भांडी घासत होत्या. मावशीनं शिल्पाचं पान करायला घेतलं.

नाव. जन्मतारीख. मृत्यूची तारीख.

कुठं पुरलं?

इथं ती थांबली. हा रकाना सोडून पुढं जाताच येईना. यादीत तिच्या गावचं नाव नव्हतं. असणार कसं? तिनं कंधारची तीच जागा निवडली. निदान आपण पाहिलेली आहे, म्हणाली.

मग पुढचा रकाना आला. आई.

तिनं स्वतःचं नाव लिहिलं. लाल अक्षरं आली. नाव नको, नंबर द्या.

आणि नंबर तर फक्त मेलेल्यांना मिळतो.

जिवंत आईला तिथं जागाच नव्हती. मावशीला एकच नंबर पाठ होता, फोटो चढवताना दहादा टाकलेला. हॅरिएटचा. रकाना चालतोय का ते बघू, मग खोडू... शाळेतले फॉर्म भरून भरून लागलेली सवय. नंबर टाकला. बटण दाबलं.

पान तयार झालं.

मुलगी, शिल्पा. आई, हॅरिएट.

घड्याळात तीन वाजले. मावशी सवयीनं खुर्चीत बसली, डावा हात वाकवला.

काही आलं नाही.

सव्वातीन. साडेतीन.

हात हलका होता. इतका हलका की तो आपोआप वर तरंगेल, असं तिला वाटलं.

तिनं धावत जाऊन रकाना पुसला. जतन केलं. दुसऱ्या दिवशी बघते तर रकान्यात पुन्हा हॅरिएट. पुन्हा पुसला. पुन्हा हॅरिएट. रिकामा रकाना टिकतच नव्हता. लेकराला कुणीतरी आई हवीच होती.

चौथ्या दिवशी भामाबाई पीठ मळता मळता थांबल्या.

"बाई, वरच्या पोरींनी कुणाचं लेकरू आणलंय का?"

"का गं?"

"हसायलंय."

वरचा मजला बंद होता. किल्ली मावशीच्या कमरेला. दोघी जिन्याखाली उभ्या राहिल्या.

आधी काहीच नाही. नळाचं थेंब थेंब पाणी.

मग... हसणं. आधी एक श्वास अडकल्यासारखा, मग एकदम खळखळून. ते हसणं मावशीनं हजारात ओळखलं असतं.

ती जिना चढायला लागली. आणि वरून दुसरा आवाज आला. बाईचा. हलक्या आवाजात, गुणगुणत, आपल्याकडच्या कुठल्याच अंगाईसारखं नाही. मध्येच थांबून तिनं हाक मारली.

"फ्लोरा..."

आणि लेकरू हसलं.

"फ्लोरा..."

पुन्हा हसलं. त्या नावाला.

मावशीनं कुलूप काढलं, दार ढकललं. आत अठरा कॉट, भिंतीवर फॉर्म्युल्यांचे कागद, दोरीवर ओढण्या. कुणी नाही. खोलीत फक्त दुधाचा वास, लेकराच्या अंगाला येतो तसा.

"शिल्पे!" मावशी ओरडली. "अगं शिल्पे, मी हाय ना गं!"

कुणी हसलं नाही.

त्या आठवड्यात तिनं मार्गारेटबाईंना अकरा पत्रं लिहिली. पाया पडते, तुमच्या खापरपणजीच्या पानावरून माझी मुलगी काढा. म्हातारी भली होती. तिचं उत्तर मावशीनं मला मोबाइलवर दाखवलं. लिहिलं होतं, मी ते नातं दोनदा पुसलं, सकाळी पुन्हा तिथंच असतं. आणि खाली एक ओळ. मुलीच्या पानावर शिल्पाच्या पुढं फ्लोरा हे नाव तुम्हीच जोडलंत ना? कारण मी जोडलेलं नाही.

मावशीनं कुठलं जोडायला?

आणि मग मावशीला आणखी एक कळलं. शिल्पाचा चेहरा तिला आठवेना. एकतीस वर्षं डोळे मिटले की समोर यायचा तो चेहरा. आता डोळे मिटले की नुसता अंधार. फोटो नव्हताच, होता तो घराबरोबर गाडला गेला. ती आरशासमोर उभी राहून शिल्पासारखं हसून बघायची. जमेना. भामाबाईंना विचारायची, "कशी हसायची गं ती?"

"मी कुठं बघितलंय बाई तिला," भामाबाई रडायच्या. मग त्यांनीच सुचवलं. "ती गोरी काय, शेवटी बाईमाणूसच की. तिची वटी भरा. पदर पसरा. द्येईल."

मावशी विधवा. ओटी भरायचा तिला मान नाही, हे तिलाही माहीत होतं. पण पोर जात असताना मान कोण बघतं? खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी घेऊन ती पुन्हा कंधारला गेली. संगप्पा लांब उभा राहिला, जवळ आला नाही. मावशीनं दगडावर खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले आणि आपला पदर पसरला.

"बाई, तुझं लेकरू वाटेत हरवलं, माझं मातीत हरवलं. तुझं दुःख मला कळतं. पण ही माझी आहे. दे मला."

वारा पडला. पाखरू बोललं नाही.

परत येताना, अहमदपूरच्या स्टँडवर, तिच्या एकदम ध्यानात आलं.

ओटी कशासाठी भरतात? कूस भरावी म्हणून. मांडीवर लेकरू नांदावं म्हणून.

तिनं आपल्या हातानं त्या बाईची ओटी भरली होती.

त्या दिवसापासून वरचं हसणं बंद झालं. गुणगुणणं बंद. दुधाचा वास गेला. तीन वाजायचे आणि घरात नुसतं घड्याळ वाजायचं. मावशी म्हणाली, "भूकंपानंतर एवढं शांत वाटलं नव्हतं गं. तेव्हा निदान लोक रडत होते."

तीस सप्टेंबर उजाडला. भूकंपाचा दिवस. मावशीनं मुलींना जेवायला वाढलं, भामाबाईंना सुट्टी दिली, दाराला आतून कडी घातली आणि मोबाइल घेऊन बसली.

नवीन पान.

नाव, प्रमोदिनी. जन्मतारीख, खरी. कुठं पुरलं, कंधार, तीच जागा.

मृत्यूची तारीख.

तीस सप्टेंबर एकोणीसशे त्र्याण्णव.

"खोटं नाही लिहिलं मी," मला सांगताना ती म्हणाली. तव्यावरची भाकरी तिनं फुंकून उलटली. "त्या दिवशी मी कुठं वाचले होते? नुसती बाहेर काढली होती मला."

पान झालं. नंबर मिळाला. तो तिनं शिल्पाच्या पानावर, आईच्या रकान्यात टाकला. हॅरिएटचा नंबर गेला. बटण दाबताना दुपारचे तीन वाजले होते.

आधी काहीच नाही.

मग गार वाऱ्याची झुळूक, बंद घरात. आणि कुणीतरी रडलं. लेकरू नाही. बाई. खूप लांबून, जिन्याच्या वरून, मग गच्चीवरून, मग त्याच्याही पलीकडून...

आणि मावशीचा डावा हात खाली गेला. वजनानं.

नंबर टिकला. दुसऱ्या दिवशीही तोच होता. फ्लोरा हे नाव पानावरून गेलेलं.

इथपर्यंत मी मनात म्हणत होते, मावशी एकटी राहून राहून खचलीय, बिचारी. आईनं मला त्यासाठीच पाठवलं होतं, बघून ये म्हणून. भामाबाईंनी आल्या आल्या मला कोपऱ्यात घेतलं होतं. "पोरी, बाई जेवत न्हाईत. ताट तसंच ऱ्हातंय. महिना झाला. आन् तरी बारीक होईनात."

दिवाळीनंतर पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत, हे मशीनवर अंगठा ठेवून दाखवायचं. मी मावशीला बँकेत घेऊन गेले.

अंगठा उमटेना.

काउंटरवरच्या ताई हसल्या. "काकू, भाकऱ्या थापून बोटं झिजवलीत की. दुसरं ठेवा."

दहाही बोटं झाली. डोळा दाखवला. मशीननं डोळा घेतला नाही.

ताईंनी काहीतरी दाबलं, स्क्रीनकडे बघितलं आणि त्यांचं हसू गेलं.

"काकू... यात तुम्ही हयात नाही असं दाखवतंय. तारीखपण आहे."

"कोणती?" मी विचारलं.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

तीस, नऊ, एकोणीसशे त्र्याण्णव.

"हे चूक आहे हो," ताई घाईघाईनं म्हणाल्या. "मग एवढी वर्षं शाळेत शिकवलं कुणी? अर्ज करा, दुरुस्त होईल."

"राहू द्या," मावशी म्हणाली. "बरोबर आहे."

तिनं पदर सावरला. उजव्या हातानं. डावा वाकलेलाच होता.

घरी आलो. तीन वाजायला आले होते. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, मावशी, ते पान काढून टाक, आत्ता, माझ्यासमोर. पेन्शन बंद होईल, तू जेवत नाहीस, आई तिकडं रडतेय. तिनं शांतपणे पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला.

"काढ. तुला योग्य वाटेल तेव्हा काढ. फक्त एक ध्यानात ठेव. रकाना रिकामा राहत नाही."

तेवढ्यात गॅसवरचं दूध वर आलं. मावशी गडबडीनं उठली, माझ्यासमोर आली, डावा हात पुढं केला आणि म्हणाली, "जरा धर गं हिला."

मी... पाल शेपटीला धरणारी मी... दोन्ही हात पाठीमागं नेले.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. दूध उतू गेलं. रागावली नाही. मान खाली घालून, वाकलेल्या हाताकडे बघत एवढंच म्हणाली, "दीदी घाबरली गं. नवीन आहे ना."

मी त्याच संध्याकाळच्या गाडीनं बिलोलीला आले.

चिठ्ठी माझ्या कंपासमध्ये आहे. आई रोज म्हणते, टाक काढून एकदाचं. मी रोज ते पान उघडते. मावशीचं नाव, तीच तारीख. खाली मुलगी, शिल्पा. बोट बटणापर्यंत नेते. काढलं तर मावशी आपल्याकडे परत येईल कदाचित. आणि रकान्यात कोण येईल, तेही मला माहीत आहे. तुमच्यापैकी कुणी असतं तर काय केलं असतं, मला खरंच सांगा.

काल दुपारी न राहवून मावशीला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला.

"मावशी! कशी आहेस? जेवलीस का?"

"हळू बोल," ती पुटपुटली. "आत्ताच डोळा लागलाय."

आणि मी... आवाज हळू केला.